ऐकणाऱ्यांना गायला लावणारं भजन : गल्लीत बैठक सुरू करणाऱ्यांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात भजन कुणाला नवीन नाही. देवळाच्या खुंटीला टाळांची पिशवी लटकलेली असते, कुणाच्या तरी माळ्यावर आजोबांचा पखवाज असतो. श्रावण आला की कुठल्या ना कुठल्या गल्लीत चार पोरं ठरवतात, परत चालू करूया. दिवाळीपर्यंत गत अशी होते : गाणारे पाच, ऐकणारे तीन, आणि त्या तिघांतला एक कुलूप लावायला थांबलेला.

गाणं वाईट असतं म्हणून हे होतं असं कुणी समजू नये. बऱ्याचदा बुवा चांगला गातो, आणि सगळं एकटाच गातो. आलेल्या माणसाला आपण तोंड कुठे उघडायचं ते कळत नाही. दोनदा चुकीच्या जागी आवाज निघाला, पुढच्याने मान वळवून बघितलं, की तो माणूस गप्प बसतो आणि पुढच्या महिन्यात येतही नाही. खालच्या पायऱ्या अशा माणसासाठी जागा करून ठेवायच्या आहेत.

आधी जमवायचं सामान

- हातपेटी १, सूर तपासलेली
- पखवाज १, सोबत छोटी हातोडी आणि कणीक
- टाळ ४ जोड (जास्त नकोत, कारण पुढे येईल)
- झांज १ जोड, फक्त नामाच्या गजरासाठी आणि आरतीसाठी
- सतरंज्या, आणि वयस्करांसाठी ६-७ खुर्च्या
- ध्रुपदांचे (म्हणजे सगळ्यांनी परत परत म्हणायच्या ओळींचे) कागद २५ ते ३०, मोठ्या अक्षरात
- हजेरीची आणि क्रमाची एक वही
- मोबाइलवर तानपुऱ्याचं आणि लय मोजण्याचं अ‍ॅप
- देवस्थान पंच कमिटीचं दोन ओळींचं संमतीपत्र

१. जागा आणि वार पक्का करा

पहिलं काम पंचांकडे. देऊळ गल्लीचं असलं तरी दिवा, पाणी, किल्ली त्यांच्या हातात असते. तोंडी ‘बघू या’ वर विसंबू नका. वार, वेळ आणि किल्ली कुणाकडे राहणार एवढं कागदावर घ्या. पंच बदलले की तोंडी शब्दही बदलतो.

वार देवाप्रमाणे धरला की लोकांच्या लक्षात राहतो : मारुतीला शनिवार, दत्ताला गुरुवार, महादेवाला सोमवार. विठ्ठलाच्या देवळात महिन्याच्या दोन एकादश्या सोडू नका. वेळ रात्री ८ ते ९.३०. शेजारच्या गल्लीत त्याच वारी भजन असेल तर वार बदला, कारण पखवाज वाजवणारा बहुधा दोन्हीकडे एकच असतो.

खेड्यात सुरुवात कधी करता याला महत्त्व आहे. जांबोटी, कणकुंबीकडे जुलैत रोप लावणी असते, माणूस संध्याकाळी चिखलातून येतो तो जेवून आडवा होतो. दिवाळीनंतर भाताची सुगी. त्यामुळे एकतर श्रावणात सुरू करा, नाहीतर सुगी आटोपल्यावर. मधल्या काळात सुरू केलेली बैठक तिसऱ्या आठवड्याला बसते.

२. पाच माणसं पुरेत, पण बसवायची नीट

एक सांगणारा म्हणजे बुवा, एक पेटीवर, एक पखवाजावर आणि दोन झीलकरी. झीलकरी म्हणजे मागून ओळ ओढणारे. नवीन मंडळात हे दोघे बुवांच्या मागे बसतात, आणि तिथेच चूक होते. त्यांना श्रोत्यांत बसवा : एक पुरुषांच्या बाजूला, एक बायकांच्या बाजूला, दुसऱ्या किंवा तिसऱ्या रांगेत. शेजारच्याचा आवाज कानावर पडला की माणसाचा आवाज आपसूक निघतो. समोर बसलेल्याचा पडला तर तो ऐकत बसतो.

बैठक लांबट नको. सभामंडप बहुधा लांबट असतो, त्यामुळे देवासमोर दोन रांगा आणि मागे दारापर्यंत माणसं अशी आगगाडी होते. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. सतरा मीटर मागे बसलेल्याला टाळ सेकंदाच्या विसाव्या भागाने उशिरा ऐकू येतो, त्याची टाळी तेवढीच उशिरा पडते आणि पुढे परत पोचेपर्यंत उशीर दुप्पट होतो. सावकाश लयीत हे खपून जातं, गजरात मात्र मागची बाजू सरळ मागे राहते. वर पत्रा असेल तर त्याचा घुमारा वेगळाच. उपाय फुकटचा आहे : सतरंज्या अर्धगोलात घाला आणि शेवटचा माणूस पखवाजापासून सात-आठ मीटरच्या आत ठेवा.

३. वाद्यांची तयारी

टाळ चारच जोड का? पंधरा माणसांत दहा जोड वाजले तर शब्द बुडतात, आणि शब्द ऐकू आले नाहीत तर नवीन माणूस काय म्हणणार? गाणाऱ्यांची संख्या वीसच्या वर गेली की आणखी दोन जोड काढा. टाळ सपाट एकमेकांवर आपटले तर मध्ये हवा अडकून ‘थप्प’ असा मेलेला आवाज येतो. एक कड दुसऱ्या कडेवर किंचित तिरकी आली की नाद सुटतो. दोरी बोटांत घट्ट गुंडाळा. ढिली दोरी घासून ऐन गजरात तुटते.

पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लागते. गव्हाचं पीठ, पाणी, बाकी काही नाही. मीठ नको, तेल तर मुळीच नको. चपातीच्या कणकेपेक्षा सैल मळायची, कातडं ओल्या बोटाने पुसून घ्यायचं आणि लिंबापेक्षा थोडा मोठा गोळा मधोमध गोल पसरायचा. आवाज पोकळ आला तर चिमूटभर वाढवा, दबका आला तर काढा. भजन संपल्यावर कणीक लगेच खरवडून काढायची, ओल्या फडक्याने पुसायचं. ‘उद्या काढू’ म्हणून ठेवलेली कणीक वाळून कातडं ओढते, आणि रात्री देवळातले उंदीर ती खायला येतात, ते कातड्यासकट.

उजवं तोंड सांगणाऱ्याच्या ‘सा’ला मिळवायचं. मोठा फरक असेल तर वादीखालचे (कातडी पट्ट्यांखालचे) गट्टे, म्हणजे लाकडी ठोकळे, हातोडीने ठोका : शाईच्या म्हणजे उजव्या तोंडापासून दूर सरकले की सूर चढतो. थोडक्यासाठी गजऱ्यावर (तोंडाभोवतीच्या विणलेल्या कड्यावर) हलका ठोका पुरतो, वरून मारला तर चढतो, खालून मारला तर उतरतो. पावसाळ्यात खानापूरकडची हवा इतकी दमट, की आठला मिळवलेला पखवाज साडेआठला उतरलेला असतो. म्हणून पहिल्या अभंगानंतर दोन मिनिटं परत मिळवायला ठेवा. हीटरसमोर किंवा चुलीजवळ धरू नका. कातडं सुकून तडकतं. एरवी सुती कापडात गुंडाळून जमिनीपासून उंच ठेवलं तरी पुष्कळ.

पेटीचं एकच सांगणं : पावसाळ्यात अडकणारी पट्टी जोरात दाबून सोडवू नका. लाकूड फुगलेलं असतं, दाबाने खालची तार वाकते आणि मग कारागिराशिवाय गत्यंतर नाही. वीणा लागणार असेल तर मिरज आपल्याला जवळ आहे, तंतुवाद्यांचं गावच ते. बाकी सुरुवातीला नवीन काही विकत घेऊ नका. माळ्यावरचा पखवाज उतरवा.

४. पट्टी : इथेच निम्मे लोक गळतात

पट्टी म्हणजे ‘सा’ कोणत्या सुरावर धरायचा ते. बुवाला चढ्या पट्टीत गायला आवडतं, त्याचा गळा तयार असतो. श्रोत्याचा नसतो. पट्टी श्रोत्याच्या गळ्यावरून ठरवा.

रियाज नसलेल्या पुरुषाचा आवाज पेटीवर पांढरी सहापासून (सप्तकातली सहावी पांढरी; काळ्या वेगळ्या मोजतात) वरच्या सप्तकातल्या पांढरी दोनपर्यंत फार न ताणता जातो. बायकांचा तोच पल्ला, पण एक सप्तक वर. म्हणजे पुरुष आणि बायका एका सप्तकाच्या अंतराने एकच ओळ गाऊ शकतात, फक्त ओळ त्या पल्ल्यात बसली पाहिजे. मोजायची ती फक्त ध्रुपदाची ओळ. चरण, म्हणजे बाकीचं कडवं, बुवा एकटा गातो, तो कितीही वर जावो.

कृती अशी :

- ध्रुपद पेटीवर वाजवा. त्यातला सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा सूर लिहून घ्या.
- ध्रुपद मधल्या ‘सा’पासून वरच्या ‘सा’पर्यंत जात असेल तर काळी एक धरा. पांढरी एक किंवा पांढरी दोनही चालेल.
- ध्रुपद खालच्या पंचमापर्यंत उतरत असेल आणि वर मधल्या पंचम-धैवतापर्यंतच जात असेल तर पांढरी चार धरा. काळी एकमध्ये तो खालचा पंचम काळी चारवर येतो, म्हणजे पल्ल्याच्या बाहेर. बायकांचा आवाज तिथे नुसता कुजबुजतो.
- ध्रुपद खालच्या पंचमापासून वरच्या ‘सा’पर्यंत पसरलेलं असेल तर ती चाल या बैठकीला नको. सुंदर असली तरी.

नुसतं महिलांचं भजन असेल तर काळी चार किंवा काळी पाच सोयीची. मिश्र बैठकीत तीच पट्टी आणली, की पुरुषांचा वरचा ‘सा’ किंचाळल्यासारखा निघतो, मग दुसऱ्या अभंगाला ते टाळ्यांवर येतात आणि तिसऱ्याला मोबाइलवर.

एका बैठकीत दोनच पट्ट्या ठेवा. प्रत्येक अभंगाला पट्टी बदलली तर पखवाज मिळवण्यातच वेळ जातो, आणि त्या मोकळ्या वेळात गावातली सगळी भांडणं उकरली जातात.

५. अभंग मोजून निवडा

अभंगाचं माप समजलं की चालीचा प्रश्न अर्धा सुटतो. मोठ्या अभंगाच्या एका कडव्यात चार तुकडे असतात : पहिले तीन सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा. दुसऱ्या आणि तिसऱ्या तुकड्याचं यमक जुळतं. मोजायला म्हणून ही ओळ घ्या (गायला नको, ती इथे मोजण्यापुरतीच केली आहे) :

गल्लीच्या तोंडाला । जमली माणसे । सूर लागतसे । पेटीवरी ॥

ग-ल्ली-च्या-तों-डा-ला, सहा. ज-म-ली-मा-ण-से, सहा. सू-र-ला-ग-त-से, सहा. पे-टी-व-री, चार. जोडाक्षर एकच धरायचं. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोनच तुकडे :

टाळ घेऊन बसावे । मागल्याने उचलावे ॥

याचा फायदा असा, की सहा-सहा-सहा-चारची एक चाल लोकांच्या तोंडात बसली की त्याच मापाचा दुसरा कुठलाही अभंग तिच्यावर चढतो. जुन्या अभंगांत एखादं अक्षर कमी-जास्त सापडतं, ते ओढून किंवा आखडून घेतात. सुरुवातीला मोठ्या अभंगाच्या दोन आणि लहान अभंगाची एक, अशा तीनच चाली धरा. अभंग दर आठवड्याला वेगळा, चाल तीच. श्रोता चालीच्या ओळखीने शिरतो, शब्द तो मागाहून उचलतो. नवीन मंडळं नेमकं उलटं करतात : दर आठवड्याला नवी चाल, कारण गाणाऱ्यांना कंटाळा येतो.

ध्रुपद म्हणजे कोणती ओळ, हे आधी आपसात ठरवा. गाथेत ‘ध्रु’ची खूण बहुधा दुसऱ्या कडव्यापुढे असते, पण पुष्कळ बुवा पहिली ओळच ध्रुपद म्हणून धरतात. दोन्ही चालतं. मात्र बुवा पहिलीवर परततोय आणि झीलकरी दुसरीवर, असं झालं की श्रोत्यांनी कुणाच्या मागे जायचं?

सिनेमाच्या चालीवरचं भजन लोक पटकन उचलतात, हे खरं. तितक्याच पटकन मूळ गाण्याचे शब्द त्यांच्या ओठांवर येतात आणि मागच्या रांगेत हसू फुटतं. बैठकीत एखादं ठेवा, शेवटाकडे. पहिलं कधीच नको.

६. ध्रुपद सोडण्याची रीत

सगळ्या लेखातून एवढंच घेतलंत तरी चालेल.

अ) अभंग सुरू करताना बुवाने ध्रुपद एकट्याने दोनदा म्हणायचं, सरळ, हरकत (सुरांची नक्षी) न घेता. पेटीवरही नुसते सूर. पहिल्याच फेरीत ओळ नटवली तर श्रोत्याला खरी ओळ कोणती ते कधीच समजत नाही.

आ) तिसऱ्यांदा झीलकरी म्हणतील, बुवा गप्प.

इ) चौथ्या, पाचव्या, सहाव्या वेळी सगळे. इथे बुवाने आवाज अर्ध्यावर आणायचा आणि माईक असेल तर तोंडापासून हातभर दूर घ्यायचा. हे जड जातं. समोरून आवाज बारीक येतो, मोकळं मोकळं वाटतं, आणि बुवा ती पोकळी भरायला परत मोठ्याने गाऊ लागतो. नाही गायचं. बारीक आवाज तिसऱ्या फेरीला मोठा होतो; मध्येच भरून काढलात तर तो बारीकच राहील.

ई) चरण संपताना परतायची जागा दर वेळी एकच ठेवा. चरणाचा शेवटचा चार अक्षरी तुकडा सावकाश, सरळ आणि त्याच सुरावर म्हणा, मागोमाग पखवाजाची छोटी उठाण (जोरकस बोल) आणि समेवर, म्हणजे ठेक्याच्या पहिल्या मात्रेवर, ध्रुपद. हा तुकडा म्हणजे श्रोत्यासाठी दाराची कडी. एका चरणाला आलाप, दुसऱ्याला तान, तिसऱ्याला एकदम उडी असं केलंत तर तो दारातच उभा राहतो.

उ) एका चरणानंतर ध्रुपद किती वेळा? तीनदा. एकदा म्हटलं तर लोक सावरेपर्यंत संपतं, सहादा म्हटलं तर चरणाचा अर्थ तुटतो.

ऊ) शेवटच्या चरणात ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’ आलं की अभंग संपत आला हे लोकांना ठाऊक असतं. त्या जागी किंचित लय धरा, हात वर करा आणि ध्रुपदावरून सरळ नामाच्या गजरात जा. गजराचे शब्द सगळ्यांना पाठ असतात. ध्रुपदात गप्प राहिलेलाही गजरात सापडतो.

लयीचंही इथेच. ध्रुपद मिनिटाला ६० ते ७० टाळ्यांवर सुरू करा, गजर ११० ते १२० वर सोडा. त्याच्या वर गेलात की वयस्कर माणसं टाळी सोडून देतात. लय पळते ती बहुतेक वेळा तरुण टाळकऱ्यांमुळे : दुसऱ्या अभंगालाच शंभर गाठतात, मग गजराला चढायला जागाच उरत नाही. पखवाजवाल्याने टाळाकडे न बघता वयस्कर श्रोत्यांच्या हातांकडे बघावं.

चुकीच्या जागी कुणी शिरलं तर त्याच्याकडे बघू नका. पुढच्या ध्रुपदाच्या आधी हात जरा आधीच उचला, पुरे. ‘काका, अजून नाही’ असं माईकवर म्हणणारा बुवा काकांना कायमचा घालवतो.

७. पहिले सहा आठवडे

पहिले दोन आठवडे फक्त टाळी आणि नाम मागा. सुरुवातीला पाच-सात मिनिटं नामजप, मग तीन अभंग बुवा आणि झीलकरी गातील, प्रत्येकाच्या शेवटी गजर सगळ्यांचा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ध्रुपद उघडा, आणि आता कागद वाटा. कागदावर फक्त चार-पाच ध्रुपदं, अंगठ्याच्या नखाएवढी अक्षरं. पूर्ण अभंग छापू नका. पूर्ण अभंग हातात आला की मान खाली जाते, टाळी थांबते, आणि चष्मा विसरलेले मागे सरकतात. मोबाइलवर पाठवलेले शब्द तर बैठकीत उघडूच देऊ नका. शब्दांच्या आधी दुसरे चार निरोप दिसतात.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात एक गौळण किंवा भारूड घ्या. भारुडाचं पालुपद छोटं, बोलीतलं, त्यामुळे पोरंसोरंही उचलतात.

दीड तासाचा क्रम साधारण असा बसतो : नामजप आणि मंगलाचरण १५ मिनिटं, चार अभंग ४०, गौळण १०, भैरवी ८, आरती आणि पसायदान १२. उरलेली पाच मिनिटं पखवाज खातो. चुरमुरे-खोबऱ्याचा प्रसाद पसायदान झाल्यावरच वाटा. आधी पुडी हातात पडली की टाळीही गेली आणि गाणंही. पेटीवाल्याला तर शेवटी.

८. कानडी आणि मराठी एकाच सतरंजीवर

आपल्या भागात समोर बसलेल्यांत निदान काही माणसं घरी कन्नड बोलणारी असतात. विठ्ठल दोघांचाही आहे : ज्ञानेश्वरांनी त्याला कानडा म्हटलं, कन्नड संतकवी पुरंदरदासांच्या पदांच्या शेवटी ‘पुरंदर विठ्ठल’ ही त्यांची मुद्रा येते. त्यामुळे बैठकीत एक कन्नड पद ठेवणं ही काही सवलत देणं नव्हे. दासांचं पद घ्या, किंवा शिशुनाळ शरीफांचं (१८१९–१८८९) तत्त्वपद. कन्नड पदातली ‘पल्लवी’ म्हणजे आपलं ध्रुपदच. परतायची रीत तीच, आणि ‘पुरंदर विठ्ठल’ आलं की संपत आलं, जसं आपल्याकडे ‘तुका म्हणे’.

अडतं ते लिपीत. कन्नडमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ ‘ए’ वेगळे, ‘ओ’ही तसेच. देवनागरीत दोन्ही एकाच मात्रेने लिहितो. ‘बेळे’ असं लिहिलं तर ऱ्हस्व म्हटल्यावर शेतातलं पीक आणि दीर्घ म्हटल्यावर डाळ. म्हणून कागदावर दीर्घ ‘ए’ आणि ‘ओ’ खाली पेन्सिलने रेघ मारा, आणि रेघ आहे तिथेच लांबवा. मराठी गळा सगळेच ‘ए’ लांबवतो, त्याने मात्रा वाढतात आणि ओळ ठेक्याबाहेर जाते. पद बसवताना कन्नड जाणणाऱ्याकडून ओळ आधी बोलून घ्या, मग सुरात.

उलट्या बाजूनेही तेच. मराठीत ‘च’ आणि ‘ज’ दोन तऱ्हांचे : ‘चाल’मधला वेगळा, ‘चिपळी’मधला वेगळा. कन्नडमध्ये दुसरा तेवढा आहे. कन्नड लिपीतल्या कागदावर पहिल्या तऱ्हेच्या ‘च’, ‘ज’ खाली टिंब द्या आणि टिंबाचा अर्थ एकदा म्हणून दाखवा. ध्रुपदाचे कागद दोन्ही लिप्यांत काढा : एका बाजूला देवनागरी, पाठीमागे कन्नड. शाळा कन्नड माध्यमात झालेली आपलीच पोरं मराठी बोलतात पण देवनागरी अडखळत वाचतात, त्यांनाही त्याचा उपयोग होतो.

आणि पल्लवी उचलायची वेळ आली की समोर बघून ‘अक्का, तुम्ही घ्या’ म्हणा. त्या उचलतील, आपण मागून.

९. माईक आणि परवानगी

पन्नास माणसांपर्यंत माईक लागत नाही. बुवाचा आवाज भोंग्यातून आला की श्रोत्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही आणि तो थांबतो. लावायचाच असेल तर एक माईक बुवाला, एक श्रोत्यांतल्या झीलकऱ्याला, पखवाजाला नको, आणि मशीनवरचा ‘इको’ पूर्ण बंद. इकोमुळे टाळी दोनदा ऐकू येते, लोक दुसरीवर टाळी देतात.

ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर तो बंद ठेवावा लागतो. दवाखाना, शाळा-कॉलेज, कोर्ट यांच्या भोवतीचा निदान १०० मीटरचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर होऊ शकतो. रहिवासी भागातली मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ अशी आहे. अर्ज आपल्या हद्दीच्या पोलीस ठाण्यात द्या. सोबत ठेवा : अर्जाच्या दोन प्रती, जबाबदार माणसाच्या ओळखपत्राची झेरॉक्स, पंच कमिटीचं संमतीपत्र, तारीख-वेळ-ठिकाण, स्पीकर किती आणि कुणाचे. अर्ज कन्नडमध्ये लिहून नेला की काम लवकर होतं. लिहून देणारा गल्लीत कुणीतरी असतोच. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नका. दिंडी रस्त्यावरून काढणार असाल तर मार्ग वेगळा लिहा, त्याची परवानगी वेगळी.

१०. ऐकणारा पुढे आला की

दोन-तीन महिन्यांनी एखादी मावशी किंवा कॉलेजचा पोरगा म्हणेल, मी एक म्हणू का? यासाठी चक्री भजनाची रीत ठेवा : गोल बसायचं, ज्याची पाळी त्याने एक अभंग सांगायचा, बाकी सगळे झीलकरी. महिन्यातून एकदा पुरे, तीन-चार नवीन माणसांच्या वर नको. नवीन माणसाला दोनच कडवी आणि ध्रुपद द्या, अभंग सगळ्यांना चालीने ठाऊक असलेला द्या.

तो आपली पट्टी सोडून भलतीकडेच सुरू होईल, हे धरून चाला. तेव्हा पेटीवाल्याने पहिल्या ओळीत गप्प राहावं, त्याचा ‘सा’ शोधावा आणि दुसऱ्या ओळीपासून त्याच्या पट्टीत हळू आवाजात साथ धरावी. पखवाज बेसूर लागेल. उजव्या तोंडावर उघडे बोल टाळून नुसता डाव्यावर ठेका धरला की भागतं. दोन ओळींच्या मध्ये तो ठेका सोडून श्वास घेईल, तिथे झीलकऱ्यांनी लगेच ध्रुपद उचलायचं. तो अडखळला हे कुणाच्या लक्षात येण्याआधी सगळी बैठक गात असते, आणि तेवढ्यात त्याला पुढची ओळ आठवते.